मागचं डावं चाक

कुंदनची रिमोटवाली बग्गी रविवारी वलगावच्या माळावर शर्यतीत पळणार होती. पण रोज सकाळी तिची मागची डावी स्प्रिंग दबलेली असायची.

"तूच ढिली करून राहिला ना?" त्यानं धाकट्या भावाला, धर्मेंद्रला, धरलं.

"मी कायले करू? मी त हातई नाई लावला."

कुंदनचा विश्वास बसला नाही. भर दुपारी त्यानं खोलीला आतून कडी घातली आणि बाजेवर बसून स्प्रिंगा किती दबाव्यात ते ठरवणारे चारही स्क्रू सारखे आवळले. गाडी हातात हलकीच होती. स्टुलावर ठेवताच डावी बाजू सावकाश खाली गेली.

"ऊठ ना बे आता!" तो वैतागून गाडीवरच खेकसला.

गाडी उसळून सरळ झाली.

मग त्याच्या शेजारी बाज करकरली आणि दबली.