त्याच घाण्यातली

लॅबवाल्या बाईंनी जंतू वाढवायचं मिडियम स्वतः शिजवून प्लेटांमध्ये ओतलं होतं. त्यातली एक प्लेट हवेतले जंतू तपासायला ऑपरेशन थिएटरमध्ये तासभर उघडी ठेवली, तर दोन दिवसांत तिच्यावर पिवळे ठिपके दाटीवाटीने उगवले.

"तुमचं मिडियमच नासलं असेल," मोठे डॉक्टर म्हणाले. "रिपोर्टात 'वाढ नाही' लिहा आणि मोकळ्या व्हा."

बाईंनी त्याच घाण्यातली, न उघडलेली प्लेट त्यांच्यापुढे सरकवली. तिच्यावर एकही ठिपका नव्हता.

"अहो बाई, उद्याच्या ऑपरेशनसाठी लोक तीन-तीन महिने थांबलेत. तुमच्या घरचं कुणी असतं, तर असाच हट्ट धरला असता?"

"असाच," म्हणत बाईंनी 'थिएटर बंद ठेवावे' या ओळीखाली सही ठोकली.

 

घरी येऊन त्यांनी उद्या ऑपरेशनसाठी अ‍ॅडमिट व्हायचं म्हणून वडिलांनी भरून ठेवलेली पिशवी रिकामी केली.