कॅमेऱ्याकडे पाठ

सत्काराच्या स्टेजच्या कडेला बाईंची सहा मुलं ओळीने उभी होती. सगळी पडद्यावरची, सिनेमात बाई ज्यांची आई झाल्या होत्या ती. एकाला टक्कल, एकाला नातवंडं, आणि थोरला तर बाईंपेक्षा वयाने मोठा. "आईसमोर मी अजून कुक्कुलं बाळच," असं माइकवर म्हणत तो बाईंच्या पाया पडायला वाकला आणि तसाच अडकला. धाकट्या दोघांनी काखेत हात घालून त्याला सरळ केला. हॉल खो खो हसला.

बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या डोळे बारीक करून शेवटच्या रांगेकडे बघत होत्या. पण स्टेजवरच्या दिव्यांपुढे मागचं काही दिसत नव्हतं.

"आलीय ना रे ती?" ओठ न हलवता त्यांनी निवेदकाला विचारलं.

"आलीय. दाराजवळची खुर्ची पकडलीय. पर्ससुद्धा मांडीवरून खाली ठेवली नाहीये."

ती म्हणजे बाईंची पोटची मुलगी. एकुलती एक. अख्खी दुनिया बाईंना आई म्हणायची आणि हिने कित्येक वर्षं फोन उचलला नव्हता. परवा उचलला. "येईन, पण मागे बसेन," एवढंच म्हणाली.

"तिला वर बोलवू नकोस हां," बाई म्हणाल्या. "हे सगळं उरकलं की मीच खाली जाते. घरी चल म्हणते. चहापुरती का होईना."

"छे हो, आई. माझ्या डोक्यातसुद्धा नाही."

निवेदकाच्या डोक्यात नसतं ते जिभेवर असतं. फुलं देऊन झाली, सन्मानचिन्ह देऊन झालं, आणि त्याने माइक तोंडाशी धरला. "मंडळी, सहा लेकरं बघितलीत. आता सातवी. खरीखुरी. ती बघा, दाराजवळ."

सगळ्या माना मागे वळल्या. शेजारच्या खुर्चीतल्या काकूंनी मुलीच्या मांडीवरची पर्स काढूनच घेतली. "जा गं, जा. मी सांभाळते. ही आमची आई असती तर आम्ही कडेवरच जाऊन बसलो असतो."

मुलगी उठली. चाळिशी ओलांडलेली, केसांचा घट्ट अंबाडा, ऑफिसातून तशीच आलेली. बाजूच्या पायऱ्या चढून ती बाईंसमोर हातभर अंतरावर थांबली. मध्ये माइक खुपसायला आलेल्या निवेदकाला बाईंनी कोपराने ढकललं.

"वाळलीस गं," बाई म्हणाल्या.

"तू सुटलीयेस ना, म्हणून वाटतं तसं."

बाईंना हसू फुटलं. मुलीचा ओठही एका बाजूने हलला. मग ती आपणहून पुढे झाली आणि तिने बाईंच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

आणि तिथे बाईंच्या हातांनी घात केला.

मिठीत दोघांपैकी एकाचंच तोंड कॅमेऱ्याला मिळतं. ज्याची पाठ कॅमेऱ्याकडे, तो गेला बाराच्या भावात. म्हणून मुरलेली आई काय करते, मिठी मारता मारता समोरच्याला खांद्याला धरून अलगद फिरवते. इतकं अलगद, की त्याला ती मायाच वाटते. बाईंनी जन्मभर हेच केलं होतं. त्यांना कळायच्या आत हात मुलीच्या खांद्यांवर गेले, मुलगी फिरली, तिची पाठ हॉलकडे झाली आणि बाईंचा चेहरा बरोब्बर उजेडात आला.

कडेला टकल्या मुलाने शेजारच्याला कोपर मारलं. "बघ, हिलाही फिरवली."

मुलीचं अंग ताठ झालं. शूटिंगसाठी बाईंच्या गळ्याशी लावलेला माइक तिने मुठीत दाबून धरला आणि त्यांच्या कानाशी म्हणाली, "आला का गं उजेड तोंडावर?"

बाईंनी हात आवळले, तर हातात कुणीच नव्हतं. मुलगी मान खाली घालून पायऱ्या उतरत होती. तिने काकूंकडून पर्स घेतली आणि दार ढकललं.

बाई रडल्या. नाकातून पाणी येईपर्यंत रडल्या. अख्खा हॉल उठून उभा राहिला. टाळ्या थांबेनात.

खुर्च्यांची आवराआवर सुरू झाली, तरी बाई घरी जायला तयार नव्हत्या. जाताना तिचा चेहरा कसा होता, असं त्यांनी आधी मुलांना विचारलं. "आम्ही तर तुमच्याकडेच बघत होतो, आई," सहाही जण म्हणाले. काकूंना विचारलं, तर त्या तेव्हा डोळे पुसत होत्या. शेवटी वायरी गुंडाळणाऱ्या कॅमेरावाल्याला त्यांनी गाठलं.

"तो मघाचा तुकडा दाखव ना."

त्याने कौतुकाने दाखवला. इवल्याशा पडद्यावर बाईंचा चेहरा, घळाघळा पाणी, आणि खाली एक अंबाडा. बाई आणखी वाकल्या. नाक काचेला टेकलं.

"ती शेवटी जे बोलली ना, ते हसत बोलली की रडत, एवढंच बघायचंय मला. थट्टेने म्हणाली असेल, तर उद्या फोन करता येईल."

"तिचा चेहरा नाही आला यात."

"दुसऱ्या कॅमेऱ्यात?"

"तोही तुमच्यावरच होता. वरचासुद्धा." बाईंचा उतरलेला चेहरा बघून त्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "काळजी नका करू, आई. तुमचा एक थेंब वाया गेलेला नाही."