कोकिळेचे लाडू

"आठ सत्ते?"

दत्तात्रय गुरुजींनी तिसऱ्यांदा विचारलं, तरी कोकिळा खिडकीबाहेरच पाहत होती. बाहेर होतं तरी काय? बहादरपूरची गावविहीर, पाणी ओढणाऱ्या तीन बायका, दम खात पायरीवर बसलेली चौथी, आणि निंबाच्या सावलीत झोपलेलं कुत्रं. चौथीतल्या पोरीनं टक लावून पाहावं असं त्यात काही नव्हतं.

गुरुजींनी त्याच दिवशी तिच्या बापाला बोलावून घेतलं. देवराम केळीच्या मळ्यातून तसाच आला, चिखलाच्या पायांनी.

"पोर हुशार आहे हो," गुरुजी म्हणाले. "पण ध्यान म्हणून ठिकाणावर नाही. एका जागी बूड टेकत नाही. पाणी प्यायचं म्हणते आणि दिवसातून तीनदा पळते. आता आपली राजधानी नागपूरहून गेली भोपाळला. परीक्षेचा साहेब हिंदीतही विचारेल. ही मराठीतच उत्तर देईना, तर हिंदीत काय दिवे लावणार?"

"मंग घरीच बसवतो तिले," देवराम म्हणाला. "कापूस तरी वेचंल."

तो रागानं बोलला नाही, लाजेनं बोलला. पण दाराआड उभ्या कोकिळेनं ऐकलं आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. शाळा तिला जिवापाड आवडायची. आता सांगा, आवडते तर लक्ष का देत नाही? तेच तर कोणाला कळत नव्हतं.

तिची आई आशाबाई नवऱ्यापुढं बोलणारी नव्हती. त्या दिवशी मात्र भाकरी वाढता वाढता बोलली. "एक डाव वैद्याकडं नेऊन तर पाहा. माझं जिणं तर अंगठ्यावरच गेलं. तिचं नको जायाले."

मग बापलेक बैलगाडी जुंपून बुऱ्हाणपूरला गेले. आशाबाई घरीच राहिली. गाईची धार कोण काढणार, पाणी कोण भरणार?

सिंधीपुऱ्यातल्या निंबा वैद्यांनी कोकिळेची जीभ पाहिली, पापणी खाली ओढून पाहिली, नखं दाबून पाहिली.

"शरीर तर ठणठणीत आहे," ते म्हणाले. "पण देवराम, मनालाही खुराक लागतो. खुराक नसला की ते भटकतं. या पोरीचा चहा बंद. ताटात रोज शेवग्याचा पाला. आणि अळीव, तीळ, खारीक, गूळ, वर चिमूटभर ब्राह्मी, याचे मुठीएवढे लाडू करा. सकाळी एक, सांजेला एक. दोन महिन्यांत फरक नाही पडला तर माझी पाटी उतरवून न्या."

देवरामनं घरी येऊन फर्मान काढलं. "हे औषध आहे. कोकीशिवाय कोणी बोट लावायचं नाही. आणि एक दाणा वाया जाता कामा नये. अन्न टाकणं म्हणजे पाप."

आशाबाईनं मान डोलावली. तिनं तीळ भाजले, खारका कुटल्या, लाडू वळले. गुळाचा हातही तिनं चाटला नाही, धुऊन टाकला.

रोज देवराम आणि कोकिळा जेवायला बसायचे. त्यांचं उरकलं की आशाबाई लेकीच्याच ताटात वाढून घ्यायची. सगळ्या घरांत असंच चालतं. देवराम तोवर ओट्यावर सुपारी कातरत असायचा.

"लाडू संपला का व?" तो तिथूनच विचारायचा.

"संपला," आतून आशाबाई म्हणायची.

महिना झाला. गुरुजींनी विचारलं, "बारा नव्वे?" आणि खिडकीजवळून खणखणीत आवाज आला, "एकशे आठ!" गुरुजींच्या हातातला खडू पडला. दुसऱ्या दिवशी तिनं कविता म्हणून दाखवली, एक ओळ न चुकता. पाणी प्यायला पळणंही थांबलं. बूड असं टेकलं की मधली सुट्टी झाली तरी उठेना!

गावात बोभाटा झाला. शेजारची लीला आपल्या पोरासाठी लाडवाचं माप विचारून गेली. घराचीही कळा बदलली. आशाबाई जात्यावर ओव्या म्हणायला लागली, तिच्या मनगटात सैल फिरणाऱ्या बांगड्या नीट बसायला लागल्या.

"लेकराचं बरं झालं की मायच्या अंगाले लागते," देवराम कौतुकानं म्हणाला.

परीक्षेत कोकिळा शाळेत पहिली आली. साहेबानं हिंदीत विचारलं, तिनं हिंदीत सांगितलं. देवरामनं मळ्यातला सगळ्यांत भरलेला घड उतरवला आणि वैद्यांकडे गाडी काढली. या खेपेला आशाबाईही आली. गाडीतून उतरून घड तिनंच डोक्यावर घेतला आणि तरातरा जिना चढून गेली.

"आता पाचवीत घालतो," देवराम वैद्यांच्या पाया पडत म्हणाला. "तुमच्या लाडवानं पोरगी राखली माझी."

वैद्यांनी कोकिळेला जवळ घेतलं. "काय व, कडू लागायचा ना लाडू?"

"हाव. म्हणून एकच घास खायची मी."

"आणि बाकीचा?"

"ताटात ठेवायची. नुसता दिला असता तर मायनं तोंडात घातला नसता. उष्टा कसा टाकंल?"

देवरामनं बायकोकडं पाहिलं. आशाबाईनं पदर तोंडाशी धरला होता.

"अगं, पण मग तुझं ध्यान कसं लागलं?" वैद्यांनी विचारलं.

"आता मायले विहिरीवर भोवळ येत नाही," कोकिळा म्हणाली. "मंग मी खिडकीतून कायले पाहू?"