न्हाणीघरामागचं रोप

घरोघरी बोन्साय करणाऱ्या आमच्या जपानातल्या किनाशी गावात बोन्सायसाठी पाइन वाढवता न येणारा माणूस बहुधा मी एकटाच असेन. दर वसंतात मी खिडकीपाशी बिया रुजवतो, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे रोपांना बाहेरच्या उन्हाची हळूहळू सवय लावतो, आणि दर वर्षी ती बाहेर जाताच पिवळी पडून माना टाकतात. शेजारचा ओकुबो कुंपणावरून म्हणतो, "मास्तर, पुढच्या वर्षी पुस्तकंच कुंडीत लावा. ती तरी जगतील."

यंदाचीही गेली. आपल्या हातचं एक रोप तरी जगलेलं बघावं, एवढंच मला हवं होतं. रागारागाने मी मेलेल्या रोपांची माती नेहमीसारखी न्हाणीघरामागे ओतायला गेलो, आणि बायकोचं लोणच्याचं रिकामं पिंप वाटेत आलं ते पायाने बाजूला ढकललं.

पिंपामागे पाइनचं रोप होतं. ठेंगणं, जाड बुंध्याचं, हिरवंगार. मी फेकलेल्या मातीतलंच एखादं बी रुजलं असणार.

मी कुंडी, कात्री आणि पुस्तक घेऊन धावत परत आलो, तर बायको, सुमिए, रोपापुढे उभी.

"हात लावू नका."

"अगं, ऊन कडक आहे. थोडे दिवस सावलीत ठेवतो, मग..."

"दोन हिवाळे काढलेत त्याने इथे."

"म्हणजे तुला माहीत होतं? मग मला सांगितलं का नाहीस?"

तिने पिंप ओढून पुन्हा रोपाच्या आड लावलं.

"सांगितलं असतं तर जगलं असतं का?"