पुढं केलेलं कवाड

कवाड पुढं केलेलं होतं.

काकासाहेब ओट्यापाशी थबकले. कवाड सताड उघडं असलं तर सरळ आत जावं. कडी घातलेली असली तर घरात कुणी नाही असं समजावं. आणि असं कडी न घालता नुसतं लोटून पुढं केलेलं असलं, म्हणजे आत बाईमाणूस आहे. न्हातंय, वेणीफणी करतंय, नाहीतर घटकाभर आडवं झालंय. अशा वेळी बाहेर उभं राहून खाकरायचं. दोन आखूड, एक लांब. आतून ‘या’ आलं की मगच उंबरा ओलांडायचा. ‘बंद’ हा शब्द या घरात दाराला कुणी लावत नसे. बंद असायची ती ऊसतोडीला गेलेल्यांची घरं, दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत कुलपाला गंज चढवणारी.

सगळी उमर ते असे खाकरत आले. वेशीतून येणाऱ्यालाही कळायचं, काकासाहेब दाराशी पोचले. पण चार दिवसांपूर्वी नगरच्या दवाखान्यातून ते घरी आले, ते गळ्याला भोक आणि त्यावर पांढरं फडकं घेऊन. गाठ गेली, तिच्याबरोबर आवाजही गेला.

त्यांनी जोर करून पाहिला. फडक्याखाली नुसती हवा फुसफुसली.

ढकलून आत जावं, तर आत सून. कल्याण, त्यांचा लेक, नागापूरला कंपनीत कामाला, तो शनिवारशिवाय येत नाही. कडी वाजवावी, तर कडी परका वाजवतो. तलाठी, मतं मागणारे, पत्ता चुकलेले. आपल्याच दाराची कडी आपण वाजवायची?

ते ओट्यावर टेकले. ऊन पावलांवरून गुडघ्यांवर आलं.

समोरच्या दारात दगडाबाई लसूण सोलत बसली होती. तिनं बराच वेळ कळ काढली, मग तिला राहवलं नाही.

“काय वो काकासाहेब, सोताच्या दारात पावन्यावानी का बसलात?”

काकासाहेबांनी ‘असंच’ म्हणून हात हलवला.

“काल बी असंच, परवा बी असंच,” ती म्हणाली आणि तिनं तोंड पलीकडं करून हाळी दिली, “अगं ए जया! सासरा वाळत घातलाय व्हय भाईर? कुरडई झाली बघ त्याची!”

आत भांडं पडलं. जया बाहेर आली, ओल्या केसांवर पदर ओढत.

“मामा! कवाधरनं बसलात?”

ते लिंबाच्या सावलीकडं बघत राहिले.

“काल जेवन पार गार झाल्यावर आलात. मला वाटलं, पारावर बसलात. ते हितंच बसल्याले व्हय?”

 जयाची नजर त्यांच्या गळ्यावरच्या फडक्यावर गेली. तिथंच थांबली.

“मी आपली आत कान देऊन,” ती हळू म्हणाली. “म्हनलं, खाकरतील तवा उठू.”

मग एकदम तिनं आवाज चढवला. “आता कवाड पुढंच करत न्हाई मी. ऱ्हाऊ द्या दिवसभर उघडं.”

काकासाहेबांनी दोन्ही हात जोरानं हलवले. दारासमोरून गावाचा रस्ता जात होता.

“मग कडी वाजवा.”

त्यांनी तोंड फिरवलं.

“उघडं नको, कडी नको. लई अवघड हाय बाई तुमचं!” ती तणतणत आत गेली.

परत आली तेव्हा हातात बैलांची घुंगूरमाळ होती. बैल विकून तीन वर्षं झाली होती, माळ खुंटीलाच होती. जयानं तिच्यातली दोन घुंगरं सोडवली, पदरानं पुसली आणि सासऱ्याची काठी ओढून घेऊन तिला बांधायला बसली.

“सासऱ्याला पोळ्याला सजवती का गं?” दगडाबाईनं विचारलं.

“व्हय. पुरनपोळी खायला या,” सुतळीला दातानं गाठ मारत जया म्हणाली.

काकासाहेबांचे खांदे गदगदले. गळ्यावरचं फडकं दोन-तीनदा उडालं. हसू होतं ते.

जया काठी त्यांच्या हातात देऊन आत गेली आणि तिनं कवाड पुढं केलं. काकासाहेब उभे राहिले. दगडाबाई बघतेय हे त्यांना माहीत होतं. त्यांनी काठी ओट्याच्या दगडावर आपटून घुंगरं खुळखुळवली. दोन आखूड, एक लांब.

“या मामा,” आतून आलं.

दुसऱ्या दिवशी जया कपाशी वेचायला गेली होती. दुपारी काकासाहेबांनी कवाड पुढं केलं आणि ते मोरीत अंघोळीला बसले. गळ्याला पाणी लागू नये म्हणून एका हातानं फडकं धरून, दुसऱ्या हातानं तांब्या.

बाहेर कुणीतरी खाकरलं.

दोन आखूड, एक लांब. लांबच्या शेवटी त्यांचीच जुनी घरघर.

तांब्या हातातच राहिला. बायका दाराशी बांगड्या वाजवतात, फार तर लेकराला हाक मारतात. खाकरत नाहीत. पण ओट्यावर वेचणीची झोळी टेकल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही. बाहेरचं माणूस आतल्या ‘ये’ची वाट बघत उभं होतं.

काकासाहेबांनी ओल्या हातानं भिंतीला टेकलेली काठी चाचपली, आणि घुंगरं वाजवली.