तिथली मध्यरात्र

दोन बटणं दाबायला स्पृहाने चहाचा कागदी पेला टेबलावर ठेवला. खट. उघडी टाकलेली स्क्रीन कुलूपबंद झाली. पेला उचलून ती पुढे निघाली. कंपनीचे संगणक तिच्या ताब्यात होते आणि हे तिचं रोजचंच काम होतं.

सकाळी सव्वासातला फोन वाजला.

"ताई, मोबाईलवर खातं उघडेना. मुदत संपली म्हणतंय."

गोदामाचा सर्फराज. मूळचा चिपळूणचा. कुवेतच्या टोकाच्या महबूला वस्तीतून येताना गाड्यांच्या रांगेत अडकलेला. आज त्याचा करार संपत होता. कंपनीने रिलीज दिली होती, म्हणजे दुसरीकडे नोकरी धरायची परवानगी. ती आठच्या आत त्याच्या कंपनीतल्या खात्यातून स्वीकारायची. नाहीतर रद्द. मग इकामाही, म्हणजे इथे राहायचा परवाना, जाणार, आणि मुलीची दहावी अर्धी टाकून चिपळूण.

"तुम्हीच म्हणालात ना, आठपर्यंत चालू राहील?"

स्पृहाने तारीख तपासली.

तिथे, टोरांटोच्या मुख्य कचेरीत: मध्यरात्री खातं संपणार.

इथे: ऑगस्टमध्ये तिने तारीख टाकली तेव्हा ती मध्यरात्र म्हणजे सकाळचे सात.

तिथे: नोव्हेंबर. हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे.

इथे: मध्यरात्र आठवर सरकली. संगणक सातवरच बसून राहिला.

"चूक माझी, सर्फराजभाई. कुवेतमध्ये घड्याळाला हात कोण लावतं? विसरले. आणि बंद खातं फक्त टोरांटोवाले उघडणार. ते आता घोरतायत."

"या अल्ला. मग?"

"मग काय? घाबरू नका. मुदत संपली की बाहेरचा आत येत नाही, पण आत बसलेल्याला कुणी उठवत नाही. काल तुमचा संगणक चालू ठेवून गेलात ना?"

सर्फराज मोठ्याने हसला. "लेबलांच्या प्रिंटरसाठी तो कायम जागाच असतो. रोज ओरडता ना माझ्यावर, स्क्रीन उघडी टाकतो म्हणून? आली की नाही माझी खोड कामाला?"

"आली बाबा, आली! फोन ठेवू नका. तुमच्या वतीने मीच बटण दाबते."

ती ऐटीत निघाली. जिना, गोदाम, सर्फराजचं टेबल.

स्क्रीनवर एकच ओळ होती: पासवर्ड टाका.

"दाबलंत, ताई?"

कीबोर्डशेजारी चहाच्या पेल्याचं वर्तुळ अजून ओलं होतं.