स्फोटानंतरची भेट

आकाशात कुठंतरी गॅमा किरणांचा स्फोट झाला आणि तो उपग्रहानं टिपला. ‘तिथं मागं काही उरलंय का बघा,’ हे वेधशाळेचं पत्र कोल्हापुरात सिकंदर मास्तरांच्या हातात पडेपर्यंत आठवडा गेला. त्यांनी गच्चीवर दुर्बीण लावली. शेजारचे हंबीरराव टोपी काढून गंभीर चेहऱ्यानं बाजूला येऊन बसले.

“किती टिकला?”

“दोन सेकंद.”

“लहानच गेला म्हणायचा.”

मास्तरांना हसू आलं नाही. “काहीच दिसत न्हाय. उशीर झाला. आवरतो आता.”

“आवरताय कशापायी? तुमची आई गेली तवा पावसानं तुमच्या गावाची, चंदगडची यष्टी बंद हुती. आम्हीबी आठवड्यानंच पोचलो की. माती कवाच झालती.”

“मग कशाला आलता?”

“मागं तुम्ही उरला हुता न्हवं?”